नव्या घरातील बांधकामदोष आणि बिल्डरशी वाद : नाशिकच्या घरमालकांसाठी मार्गदर्शक

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव किंवा नाशिकरोड, भाग कोणताही असो, नव्या सदनिकेची किंवा रो हाऊसची खरी तपासणी ताबा घेण्याच्या दिवशी होत नाही, ती पहिल्या पावसाळ्यात होते. नैऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर सरळ आपटतो, खिडकीच्या चौकटीच्या बाजूने ओल उतरू लागते, छताच्या कोपऱ्यात पिवळसर डाग पडतो, आणि घरमालक साईट इंजिनिअरला फोन करतो. पलीकडून ठरलेले उत्तर येते : ‘पावसाळा संपू द्या, मिस्त्री पाठवतो.’ मिस्त्री येतो, पुट्टी आणि रंग लावून जातो, आणि पुढच्या जूनमध्ये डाग पुन्हा त्याच ठिकाणी दिसतो.

हा लेख प्रथमच अशा प्रसंगात सापडलेल्या घरमालकासाठी आहे. वादाचा निकाल पुढे कोठेही लागो, तो बहुतांशी पहिल्या महिन्यात तयार केलेल्या नोंदींवर लागतो. बिल्डरची नियत वाईट होती हे सिद्ध करण्यात कोणत्याही मंचाला फारसा रस नसतो. दोष आहे, तो अमुक तारखेला कळवला आणि तो दूर झालेला नाही, एवढेच सिद्ध करायचे असते.

कायद्याने काय दिले आहे

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, त्याच्या कलम १४(३) मध्ये या विषयाचा गाभा आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील दोष, कारागिरीतील, गुणवत्तेतील किंवा सेवा पुरवण्यातील दोष, अथवा विक्रीकरारातील अन्य जबाबदारीत राहिलेली उणीव प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, निदर्शनास आणून दिली, तर त्याने कोणताही जादा आकार न घेता ती ३० दिवसांत दूर केली पाहिजे; तसे न केल्यास घरमालकाला भरपाई मागता येते. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यातही हे ५ वर्षांचे दोषदायित्व आहे, आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, ते कलम बदलता न येणाऱ्या कलमांमध्ये ठेवले आहे. त्यामुळे ‘आमच्या करारात एकच वर्षाची हमी आहे’ हे उत्तर ऐकून गप्प बसण्याचे कारण नाही.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ५ वर्षांची मुदत दोष निदर्शनास आणून देण्यासाठी आहे. चौथ्या वर्षी तोंडी सांगितले आणि सहाव्या वर्षी पहिले पत्र लिहिले, तर सांगितल्याचा पुरावा कोठून आणणार? घर दुसऱ्या खरेदीदाराकडून घेतले असेल तरी कायद्यातील ‘वाटपग्राही’ (सदनिका मिळालेली व्यक्ती) या व्याख्येत पुढील खरेदीदार येतो. परंतु सुरक्षित राहण्यासाठी मुदत मूळ खरेदीदाराला मिळालेल्या ताब्यापासूनच मोजावी.

रेरा सर्वांनाच लागू होतो असे नाही. विकसित करावयाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिकांची संख्या ८ पेक्षा अधिक नसेल, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नसते. जुन्या इमारतींसाठी महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ म्हणजेच मोफा आहे; त्यात दोष कळवण्याची मुदत ताब्यापासून ३ वर्षांची आहे. ज्यांनी स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेतला, त्यांचा मार्ग रेराचा नसून ग्राहक आयोगाचा किंवा दिवाणी न्यायालयाचा आहे. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये मान्य केले आणि आताच्या २०१९ च्या ग्राहक कायद्यातही ते स्पष्ट आहे.

दोष कोणत्या जातीचा आहे हे आधी समजून घ्यावे

भिंतीवरची प्रत्येक भेग म्हणजे इमारत धोक्यात असे नसते, आणि प्रत्येक भेग ‘केसासारखी आहे, चालते’ असेही नसते. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याला पुरेसे पाणी न मारल्यामुळे किंवा सिमेंटचे प्रमाण जास्त झाल्यामुळे येतात. तुळई आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे सरळ आडवी भेग दिसते, कारण काँक्रीट आणि वीट तापमानाने सारख्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावत नाहीत. त्या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी लावली नसली की भेग हमखास उघडते. हे दोष कारागिरीचे आहेत. ते दूर करण्याची जबाबदारी बिल्डरचीच असते, पण त्यांनी झोप उडण्याचे कारण नाही.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग मात्र वेगळी समजावी. ती पाया असमान खचल्याची खूण असू शकते. गोदावरी, वालदेवी आणि नासर्डीच्या काठच्या पट्ट्यांत काळ्या चिकण मातीचे थर आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया त्या थराखालच्या कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल, तर हलक्या वजनाच्या रो हाऊसला आणि बंगल्याला त्याचा त्रास उंच इमारतीपेक्षा अधिक होतो. तळमजल्याच्या खोलीत कोपऱ्याकडची फरशी खाली बसणे आणि भिंत मात्र शाबूत असणे, यामागे बहुधा जोत्यातला भराव नीट दाबला गेलेला नसतो. खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीने जाणारी भेग, गंजाचे तांबूस डाग आणि सुटलेले काँक्रीट या खुणा दिसल्या, तर तो प्रश्न सळईचा आहे. तेथे मिस्त्रीला हात लावू देण्यापूर्वी संरचना अभियंत्याला बोलवावे.

ओलीचा मूळ स्रोत शोधणे हे सर्वांत किचकट काम आहे, आणि बिल्डरशी होणारे बहुतेक वाद याच ठिकाणी अडकतात. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून, बाहेरच्या भिंतीतून, डक्टमधल्या पाईपच्या सांध्यातून किंवा गच्चीवरच्या कोब्यातून आलेले पाणी छतावर सारखाच डाग पाडते. फरक वेळेत असतो. डाग फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची; बारा महिने सारखा राहत असेल तर पाण्याचा नळ किंवा सांडपाण्याचा पाईप; आणि वरच्यांच्या अंघोळीनंतर काही तासांत वाढत असेल तर त्यांच्या बाथरूमचा संकन (खाली घेतलेला) स्लॅब. हे निरीक्षण घरमालक कोणत्याही खर्चाशिवाय करू शकतो, आणि दोन-तीन आठवडे वेळेसह वहीत लिहून ठेवल्यास ते अभियंत्याला फार उपयोगी पडते. पोकळ आवाज करणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये जाळीकडे न जाता उंबऱ्याशी साचणारे पाणी, अर्थिंग नसलेला वायरिंगचा फाटा, करारात लिहिलेल्या कंपनीऐवजी बसवलेले दुसरे नळ या गोष्टीही दोषांतच मोडतात आणि त्याच यादीत लिहाव्यात.

नोंद : रंग लावण्यापूर्वी

पहिला नियम असा, की नोंद होईपर्यंत दोष झाकू नये. पाहुणे येणार आहेत म्हणून घाईने रंग लावून घेणाऱ्यांनी आपलाच पुरावा पुसलेला असतो. प्रत्येक दोषाचे एक छायाचित्र दुरून, खोली ओळखू येईल असे, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभराने भेग खुणेपलीकडे गेली की ती वाढते आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मोबाईलमधील मूळ फाईल जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत मूळ तारखेची माहिती राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते देताना मूळ साधन हाताशी असणे सोयीचे असते.

साईट इंजिनिअरशी किंवा बिल्डरच्या कार्यालयाशी फोनवर बोलणे झाले, तर त्याच दिवशी एक छोटा संदेश पाठवावा : ‘आज आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे, आपण येत्या शनिवारी मिस्त्री पाठवणार आहात.’ संदेश सौजन्याचाच आहे, परंतु तोंडी आश्वासनाला त्यामुळे तारीख मिळते.

कागद गोळा करणे

नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, ताबापत्र, पैसे भरल्याच्या पावत्या आणि करारनाम्याला जोडलेली सोयीसुविधांची यादी, एवढे कागद घरात असतातच. त्यांपैकी ताबापत्र पुन्हा नीट वाचावे. अनेक ठिकाणी त्यात ‘बांधकामाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही’ असे छापील वाक्य असते. ज्यांचा ताबा अजून व्हायचा आहे, त्यांनी त्या वाक्याखाली ‘प्रत्यक्ष वापरात आढळणाऱ्या दोषांबाबतचे हक्क राखून’ असे स्वहस्ते लिहून सही करावी. ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांनी खचून जाऊ नये. ताबा घेताना दिसूच शकत नव्हता असा दोष नंतर उघड झाला, तर कलम १४(३) मधील हक्क छापील वाक्याने संपत नाही.

करारनाम्यात आणखी एक कलम शोधावे. रहिवाशाने लेखी परवानगीशिवाय बाथरूम, स्वयंपाकघर, पाईप किंवा भिंतीत फेरफार केले तर दोषदायित्व संपेल, असे अनेक करारनाम्यांत लिहिलेले असते. फर्निचरच्या वेळी बाथरूमच्या टाईल्स बदलल्या असतील तर बिल्डर याच कलमावर बोट ठेवणार, हे गृहीत धरावे आणि फेरफार केलेला भाग व दोष असलेला भाग वेगळे आहेत हे अहवालात स्पष्ट करून घ्यावे.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडावे. नाशिक जिल्ह्यातील प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक ‘पी ५१६’ या अक्षर-अंकांनी सुरू होतात. तेथे प्रवर्तकाचे अधिकृत नाव, मंजूर नकाशे आणि वास्तुविशारद व अभियंता यांची प्रमाणपत्रे पाहता येतात. फॉर्म २-ए हे बांधकामाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र असते. ते उपलब्ध असल्यास उतरवून ठेवावे. जाहिरातीत झळकणारे नाव आणि करारावर सही करणारी भागीदारी संस्था किंवा कंपनी पुष्कळदा वेगवेगळी असतात, म्हणून तक्रारीत नाव करारनाम्यातलेच घ्यावे. नाशिकमध्ये बरेच प्रकल्प जमीनमालकाशी विकसन करार करून उभे राहतात. जमीनमालक सहप्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल तर त्यालाही पक्षकार करावे.

महानगरपालिकेबद्दल येथेच सांगून टाकणे बरे. शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात गळतीची तक्रार घेऊन जाणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक निराश होऊन परततात, कारण नगररचना विभाग मंजूर नकाशा व नियमावली यांच्याशी बांधकाम जुळते की नाही हे पाहतो, गिलाव्याचा दर्जा पाहत नाही. तेथे जाण्याची कारणे तीनच : भोगवटा दाखला मिळाला आहे का हे तपासणे, मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रती घेणे, आणि नकाशाबाह्य बांधकाम किंवा धोकादायक स्थिती कळवणे. कागद सहज मिळत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. शहराच्या हद्दीबाहेरील प्रकल्पाची परवानगी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची असू शकते, तेव्हा अर्ज कोणाकडे करायचा हे परवानगीच्या कागदावर पाहूनच ठरवावे.

अभियंत्याचा अहवाल

वकिलाच्या नोटिशीपेक्षा तीन-चार पानांचा तटस्थ अहवाल अधिक काम करतो, असे माझे मत आहे. नोटिशीला नोटिशीने उत्तर देता येते. मोजमापाला मोजमापानेच द्यावे लागते, आणि त्यासाठी बिल्डरला स्वतःचा अभियंता घरात पाठवावा लागतो. अहवाल देणारा परवानाधारक संरचना अभियंता असावा, त्याचा त्या बिल्डरशी व्यवसाय नसावा, आणि त्याने अहवालात चार गोष्टी लिहाव्यात : दोष काय आहे, त्याचे संभाव्य कारण काय, दुरुस्तीची पद्धत कोणती, आणि तिला अंदाजे खर्च किती. शेवटच्या दोन गोष्टी पुष्कळ अहवालांत राहून जातात. मग भरपाईचा आकडा कशाच्या आधारावर मागितला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

गळतीसाठी साध्या चाचण्या पुरतात. बाथरूमची जाळी बंद करून किमान २४ तास आणि गच्चीवर ४८ ते ७२ तास पाणी साचवून ठेवायचे व खालचा स्लॅब पाहायचा. भिंतीची ओल मॉइश्चर मीटरने मोजायची. पाणी साचवताना खालच्या घरच्यांना आधी सांगावे, शक्य झाल्यास त्यांची साक्षीदार म्हणून सहीही घ्यावी. काँक्रीटबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या स्लॅब न फोडता करता येतात. त्यांचे निकाल संशयास्पद आले तरच कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढावा, कारण कोअर काढणे म्हणजे चांगल्या खांबालाही छिद्र पाडणे. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार कोअरची सरासरी ताकद त्या प्रतीच्या काँक्रीटच्या अपेक्षित घनताकदीच्या किमान ८५ टक्के असावी लागते आणि कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. हे आकडे घरमालकाला ठाऊक असले की ‘रिपोर्ट ओके आहे’ एवढ्या शेऱ्यावर त्याची बोळवण होत नाही.

तपासणीच्या दिवसाची सूचना बिल्डरला आठवडाभर आधी ईमेलने द्यावी आणि हजर राहण्यास सांगावे. तो आला तर त्याच्या समोर मोजमाप होते. न आल्यास ‘माझ्या पाठीमागे तपासणी केली’ असे त्याला नंतर म्हणता येत नाही.

पत्र कसे लिहावे

भाषा सौम्य आणि नेमकी असावी. ‘आपण आमची फसवणूक केली आहे’ या वाक्याने काहीही हाती लागत नाही. पुढील धाटणीचे पत्र पुरेसे आहे.

‘सदनिका क्रमांक ४०३ चा ताबा मला दिनांक ... रोजी मिळाला. पश्चिमेकडील शयनकक्षाच्या खिडकीच्या खालच्या बाजूस २.१ मीटर लांबीपर्यंत ओल असून ती जून महिन्यापासून वाढत आहे. सोबत छायाचित्रे क्रमांक १ ते ६ व संरचना अभियंत्याचा दिनांक ... चा अहवाल जोडला आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत हा दोष अहवालात सुचवलेल्या पद्धतीने विनामूल्य दूर करावा. पाहणीसाठी सोमवार ते शनिवार सायंकाळी ५ नंतर घर उपलब्ध राहील.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातलेले आहे. ‘घरमालक घर उघडत नव्हता’ हा बचाव नेहमीच्या वापरातला आहे. पत्र स्पीड पोस्टने, पोच घेण्याची सोय निवडून पाठवावे आणि तेच ईमेलनेही पाठवावे. टपाल खात्याची रजिस्टर पोस्ट सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा जुन्या सल्ल्यांतला ‘आर. पी. ए. डी.’ शोधत बसू नये. इमारतीच्या सामाईक भागांतील, म्हणजे गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी, बाहेरचा गिलावा यांतील दोषांसाठी पत्र सोसायटीने किंवा अपार्टमेंट असोसिएशनने ठराव करून पाठवणे चांगले. ती अजून स्थापन झाली नसेल तर जमतील तेवढ्या रहिवाशांच्या सह्यांनी पाठवावे. एकाच्या घरातली ओल ‘वापरण्याची चूक’ म्हणून उडवून लावता येते. पश्चिमेच्या ओळीतल्या सगळ्याच मजल्यांवर ओल असेल तर तो बाहेरच्या गिलाव्याचा दोष आहे, हे यादी स्वतःच सांगते.

देखभाल शुल्क किंवा राहिलेला हप्ता रागाने थांबवू नये. त्यामुळे दोषाचा वाद थकबाकीचा वाद होतो, आणि घरमालक विनाकारण बचावाच्या बाजूला जातो.

बिल्डर दुरुस्तीला तयार झाला, तर

बहुतेक प्रकरणांत नेटके पत्र आणि अहवाल पोहोचल्यावर बिल्डरकडून माणूस येतो. खरी काळजी येथून पुढे घ्यायची असते, कारण अर्धवट दुरुस्ती ही न झालेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट : दोष झाकला जातो, आणि ‘आम्ही काम करून दिले’ असे म्हणायला बिल्डर मोकळा होतो.

काम सुरू होण्यापूर्वी एक पानी लेखी समजूत करून घ्यावी. तिच्यात दुरुस्तीची पद्धत लिहावी. खिडकीखालच्या ओलीचेच उदाहरण घेतले, तर आतून पुट्टी आणि डॅम्पप्रूफ रंग लावणे ही दुरुस्ती नव्हे. बाहेरून खिडकीच्या चौकटीभोवतालचा जुना सीलंट काढणे, भेगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडणे, सांध्यावर जाळी लावून पुन्हा गिलावा करणे, खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार देणे आणि शेवटी बाहेरून जलरोधक लेप देणे, या क्रमाने काम व्हावे लागते. चौथ्या मजल्यावर त्यासाठी परांची किंवा झुला लागतो, आणि तो खर्च टाळण्यासाठीच आतून रंगाचा उपाय सुचवला जातो. कोणते साहित्य वापरणार त्याचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख, फर्निचर हलवणे व राडारोडा उचलणे कोणाकडे, आणि काम झाल्यावर कोणती चाचणी होणार, हेही त्याच पानावर यावे.

३० दिवसांच्या मुदतीबाबत तारतम्य हवे. भर जुलैत बाहेरचा गिलावा करून घेण्यात अर्थ नाही, आणि बिल्डरने ऑक्टोबरपर्यंत थांबण्याची विनंती केली तर ती रास्त आहे. मात्र ती लेखी घ्यावी, नक्की तारीख घालावी, आणि ‘कलम १४(३) खालील माझे हक्क राखून ही मुदत देत आहे’ असे लिहावे. तोपर्यंत ताडपत्री किंवा तात्पुरता सीलंट लावून देण्यास सांगावे.

काम संपल्यावर पुढे केल्या जाणाऱ्या ‘संपूर्ण समाधान झाले’ या कागदावर लगेच सही करू नये. काम झाल्याची पोच द्यावी, पण ‘परिणाम पुढील पावसाळ्यानंतर नोंदवण्यात येईल’ असा शेरा लिहून. त्यावर काही बिल्डर नाराज होतात. होऊ द्यावे.

दुरुस्ती थांबवताच येणार नाही अशी वेळ आली, उदाहरणार्थ सांडपाण्याचा पाईप फुटून खालच्या घरात पाणी जाऊ लागले, तर स्वतः काम करून घ्यावे. परंतु त्यापूर्वी बिल्डरला ईमेलने कळवून दोन दिवसांची मुदत द्यावी, दोन-तीन ठेकेदारांचे दरपत्रक घ्यावे, फोडकामाची छायाचित्रे काढावीत, काढलेला पाईप किंवा सांधा टाकून देऊ नये आणि पक्के बिल घेऊन पैसे बँकेतून द्यावेत. रोख दिलेल्या पैशांची भरपाई मागणे फार अवघड जाते.

बिल्डर दाद देत नसेल, तर

पहिला पर्याय महारेराच्या सलोखा मंचाचा आहे. त्यात ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी दोन्ही पक्षांना एकत्र बसवतो. बिल्डरची संमती मिळाली तरच ही प्रक्रिया सुरू होते, हा तिचा दुबळेपणा आहे. पण बिल्डर शहरात पुढेही प्रकल्प करणार असेल आणि वाद दुरुस्तीच्या पद्धतीपुरताच असेल, तर येथे तो लवकर मिटण्याची शक्यता चांगली असते. झालेली तडजोड लेखी आणि तारखांसह घ्यावी.

दुसरा पर्याय महारेराकडे रीतसर तक्रार करण्याचा. तक्रार ऑनलाईन दाखल होते, तिचे शुल्क ५,००० रुपये आहे, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. रेराच्या कलम ३१ खाली दोन वेगळे अर्ज आहेत. दोष दूर करून देण्याचा आदेश हवा असेल तर प्राधिकरणाकडे फॉर्म ए मध्ये जायचे, आणि कलम १४ खालील नुकसानभरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे फॉर्म बी मध्ये. भरपाई ठरवण्याचा अधिकार न्यायनिर्णय अधिकाऱ्याचाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट केले. चुकीच्या दारी भरपाई मागून महिने घालवणारे तक्रारदार कमी नाहीत.

तिसरा पर्याय ग्राहक आयोग. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे जाता येत असल्यामुळे नाशिकच्या रहिवाशाला जिल्हा आयोग जवळचा पडतो. अधिकारक्षेत्र मात्र मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, ते दिलेल्या मोबदल्यावर ठरते : ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे ६२ लाखांच्या सदनिकेत ३ लाखांच्या गळतीचा वाद असला, तरी तक्रार राज्य आयोगातच करावी लागते. ४५ लाखांची सदनिका असेल तर जिल्हा आयोगात, १,००० रुपये शुल्कात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे, आणि बिल्डरच्या आश्वासनांवर विसंबून राहणाऱ्यांची नेमकी हीच मुदत निसटते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही.

रेरा आणि ग्राहक कायदा हे दोन्ही कायदे एकमेकांना पूरक आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० मध्ये सांगितले आहे. त्याचा अर्थ मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य आहे असा घ्यावा. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी धावू नये. निवड करताना मला ठोकताळा असा वाटतो : मुख्य गरज दुरुस्तीची असेल, प्रकल्प नोंदणीकृत असेल आणि रहिवासी एकत्र असतील, तर महारेरा; मुख्य मागणी झालेल्या खर्चाची आणि मनस्तापाच्या भरपाईची असेल, सदनिका ५० लाखांच्या आतली असेल किंवा प्रकल्प नोंदणीच्या कक्षेबाहेर असेल, तर जिल्हा आयोग. दिवाणी दावा हा प्लॉटवरच्या बंगल्याच्या मोठ्या आणि गुंतागुंतीच्या हिशेबांसाठी ठेवावा.

तक्रार कोठेही केली तरी तिचे शरीर सारखेच असते : घटनांचा तारीखवार तक्ता, दोषांची क्रमवार यादी, प्रत्येक दोषासमोर छायाचित्राचा व अहवालाच्या पानाचा क्रमांक, आणि नेमकी मागणी. ‘योग्य तो न्याय मिळावा’ ही मागणी नव्हे. ‘पश्चिम भिंतीचा बाह्य गिलावा अहवालातील परिच्छेद ७ प्रमाणे ६० दिवसांत करून द्यावा, न केल्यास त्याचा खर्च द्यावा’ ही मागणी आहे.

आदेश मिळाल्यावर

महारेराच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. बिल्डरने घरमालकाला रक्कम द्यायची असेल तर अपील ऐकले जाण्यापूर्वी त्याला ती रक्कम तेथे जमा करावी लागते. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ४५ दिवस आहे आणि त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. अपील झाले की नाही याची चौकशी मुदत संपताच करावी, कारण अंमलबजावणी आपोआप होत नाही, तिच्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

महारेराने दिलेली भरपाई किंवा व्याज न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे येते आणि पुढे तहसील कार्यालयाकडे जाते. तेथे बिल्डरच्या मालमत्तेची माहिती नसल्यामुळे वॉरंट पडून राहू शकते. म्हणून त्याच नावावरील न विकलेल्या सदनिकांची माहिती महारेराच्या प्रकल्पपानावरून आणि जमिनींची माहिती सातबाऱ्यावरून काढून, ती यादी अर्जासोबत घरमालकाने स्वतः द्यावी. दुरुस्तीचा आदेश पाळला नाही तर रेराच्या कलम ६३ खाली रोजचा दंड होऊ शकतो आणि तो प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ग्राहक आयोगाचा आदेश मोडल्यास ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अंमलबजावणीचा अर्ज करताना या कलमाचा स्वतंत्र उल्लेख करावा आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी.